जबाबातली लाल पल्सर

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये ठाणे कोर्टात साक्ष देऊन आले तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. बिल्डिंगमधल्या बऱ्याच जणांनी विचारलं की काकूंचं मंगळसूत्र खेचणाऱ्याला आधी ओळखलंस आणि मग कोर्टात खात्रीने सांगता येत नाही असं का बोललीस, आणि प्रत्येकाला तोंडी सांगताना माझ्याकडून दरवेळी थोडं थोडं वेगळं सांगितलं जातंय हे लक्षात आलं, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

१२ डिसेंबर २०१९, मार्गशीर्षातला गुरुवार. राम मारुती रोडच्या मागच्या एका गल्लीत, संध्याकाळी पावणेसात-सातच्या मधे. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू कुणाकडून तरी हळदीकुंकू घेऊन येत होत्या, मी रस्त्याच्या पलीकडे फळवाल्याकडे पेरू निवडत होते. मागून बाईक आली, दोघं होते, पुढच्याच्या डोक्यावर हेल्मेट, मागचा हेल्मेटशिवाय. मागच्याने काकूंच्या गळ्यात हात घातला, काकू ओढल्या जाऊन खाली पडल्या, गाडी पुढे जाऊन वळली, वळताना मागच्याने एकदा मान वळवून बघितलं. सगळं मिळून तीन-चार सेकंद. आज मी शपथेवर सांगू शकते ते एवढंच. पाच वर्षं मी यापेक्षा खूप जास्त सांगत होते.

काकू पडल्या तशी गर्दी जमली. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला ओरडत पुढे धावला, "लाल पल्सर, लाल पल्सर, पकडा!" मी पिशवी तिथेच टाकून काकूंना उठवलं, गुडघा फुटला होता, मानेवर लाल वळ उठला होता, मंगळसूत्राची एक काळ्या मण्यांची सर तुटून ब्लाऊजला अडकली होती. जवळच्याच डॉक्टरांकडे नेलं. तिथे दारात उभी राहून मी माझ्या ताईला नाशिकला व्हॉइस मेसेज पाठवला, कारण हात इतके थरथरत होते की टाईप करता येईना. या मेसेजबद्दल मी पुढे साफ विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनला जबाब. जबाब म्हणजे काय असतो हे ज्यांनी दिला नाही त्यांना माहीत नसतं, मलाही नव्हतं. आपण बोलतो आणि ते लिहितात असं वाटतं, पण तसं नसतं, ते विचारतात आणि आपण भरतो. गाडी कोणती? रंग? वय अंदाजे? अंगाने कसा? रंग गोरा, सावळा, गव्हाळ? प्रत्येक प्रश्नाला रिकामी जागा असते आणि रिकामी जागा सोडायला आपल्याला शाळेपासून भीती वाटते, मी ट्यूशन घेते, मुलांना रोज सांगते की पेपर कोरा सोडायचा नाही. मीही नाही सोडला. गाडी लाल पल्सर. वय पंचवीसच्या आसपास, सडपातळ, गव्हाळ. शेवटी हवालदारांनी वाचून दाखवलं, "सदर इसमास समक्ष पाहिल्यास मी ओळखेन." मी हो म्हणाले. असं वाक्य मी उच्चारलं नव्हतं, पण ऐकताना खोटंही वाटलं नाही. या जबाबावर सही घेत नाहीत, कायद्यातच तसं आहे, तेव्हा मला वाटलं सही नाही म्हणजे याला फार किंमत नसेल.

जानेवारीत आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एक फोटो आला. दोन मुलं भिंतीला टेकून उकिडवी बसलेली, खाली लिहिलेलं, चेन स्नॅचर पकडले, काळजी घ्या. फोटो मूळ कुठून आला ते कुणालाच माहीत नाही, चार ग्रुप फिरून आला होता. मी काय केलं असेल, झूम केला. उजवीकडच्या मुलाच्या डाव्या भुवईत एक बारीक चीर होती, तेवढ्या जागेवर केस नव्हते. मी मिस्टरांना म्हणाले, "हाच तो." आणि खरं सांगते, त्या क्षणापासून मला ती संध्याकाळ आठवली की दिव्याखाली वळलेलं तोंड दिसायचं आणि त्या तोंडावर भुवईतली चीर दिसायची. अगदी स्पष्ट.

फेब्रुवारीत ओळख परेडचं पत्र आलं. ठाणे सेंट्रल जेल, सकाळी अकरा. लहानपणापासून कोर्ट नाक्याकडे जाताना ती दगडी भिंत बघत आलेय, जुना किल्लाच आहे तो, पण आत कधी गेले नव्हते. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला याच जेलमध्ये फाशी दिलं, हे दरवर्षी मुलांना शिकवते, आत पाऊल टाकताना तेच मनात आलं आणि पोटात खड्डा पडला. मोबाईल गेटवर जमा. एका खोलीत बसवलं, माझ्याबरोबर इस्त्रीवाला होता, आम्ही आपसात बोलायचं नाही असं सांगितलं. परेड पोलीस घेत नाहीत, नायब तहसीलदार घेतात, दोन पंच असतात, तपास करणारे पोलीस आत थांबतच नाहीत. एका आरोपीबरोबर साधारण त्याच वयाची, त्याच बांध्याची निदान सहा माणसं उभी करतात, त्यांना डमी म्हणतात. आरोपीला हवं त्या जागी उभं राहता येतं, हवं तर कपडे बदलता येतात. एक साक्षीदार आत जाऊन आला की त्याला दुसऱ्या दाराने बाहेर काढतात म्हणजे बाकीच्यांशी गाठ पडत नाही. हे सगळं मी बघितलं आणि मला ते चांगलं वाटलं, आजही वाटतं, कुणीतरी विचार करून नियम केलेत हे कळतं.

आत गेले. सात जण ओळीत. साहेब म्हणाले, "घाई करू नका, त्या दिवशी बघितलेला माणूस यात असेल तर हात लावून दाखवा." मी पहिल्यापासून शेवटपर्यंत गेले आणि परत आले. चौथ्याच्या भुवईत चीर. फार बारीक, ज्याने फोटो झूम करून बघितला नसेल त्याला दिसणारसुद्धा नाही. मी त्याच्या खांद्याला हात लावला. शर्टाच्या आत खांदा एकदम ताठ झालेला हाताला जाणवला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. साहेबांनी त्याचं नाव विचारलं, कारकुनाने लिहून घेतलं, दोन मिनिटांत संपलं.

बाहेर रस्त्यावर हवालदार उभे होते. "मस्त काम केलंत ताई, बरोबर ओळखलात." मला इतकं हलकं वाटलं की मी तिथून सरळ काकूंकडे गेले आणि त्यांना मिठी मारून सांगितलं, ओळखला मी त्याला. काकू रडल्या. त्यानंतर महिनाभर मी ही गोष्ट येईल त्याला सांगत होते, आणि त्यात दिवा अधिक प्रखर होत गेला, मी उभी होते ती जागा अधिक जवळ आली, त्याने माझ्याकडेच बघितलं असंही मी सांगायला लागले.

मग कोरोना आला, आणि केस कुठे गेली कुणास ठाऊक.

समन्स आलं २०२४ च्या ऑगस्टमध्ये. सरकारी वकिलांनी साक्षीच्या आधी जबाब वाचायला दिला, साडेचार वर्षांनी तो कागद हातात. ते म्हणाले, "मॅडम, एक बघा, जप्त केलेली गाडी काळी आहे. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातही काळीच दिसतेय. तुमच्या जबाबात लाल आहे. पलीकडचे वकील यावर धरणार तुम्हाला." मी म्हणाले, शक्यच नाही, लाल होती, मी डोळ्यांनी बघितली. आणि मला ती लाल टाकी दिसत होती हो, त्या कॉरिडॉरमध्ये उभं असताना दिसत होती, तिच्यावर पडलेला दिव्याचा उजेडसुद्धा. त्या दिवशी काही कारणाने साक्ष झाली नाही, तीन आठवड्यांनंतरची तारीख पडली. तारीख पडली नसती तर मी त्याच दिवशी लाल म्हणून सांगून आले असते.

रात्री ताईला फोन केला, रडकुंडीलाच आले होते. ती म्हणाली, अगं तू मला त्या दिवशी व्हॉइस मेसेज पाठवला होतास ना, थांब बघते. माझा फोन मधे बदलला होता, जुनं सगळं गेलेलं, तिच्याकडे होतं. १२ डिसेंबर २०१९, ७ वाजून ४ मिनिटं. तिने फॉरवर्ड केला. पन्नास सेकंदांचा आहे. माझाच आवाज, धापा टाकत: "काकूंचं मंगळसूत्र खेचलं गं आत्ता, माझ्यासमोर... गाडी कसली होती काही कळलं नाही मला, तो इस्त्रीवाला म्हणतोय लाल होती... तोंड नाही दिसलं गं नीट, एकदा वळला तो पण मी काकूंकडेच बघत होते..."

मी तो मेसेज सात-आठ वेळा ऐकला. लाल रंग माझा नव्हताच, इस्त्रीवाल्याचा होता. आणि तोंड तर मी बघितलंच नव्हतं. मग भुवईतली चीर आली कुठून?

ताईची मुलगी सायकॉलॉजीत एमए करतेय, तिने दुसऱ्या दिवशी व्हिडीओ कॉलवर दीड तास दिला मला. ती म्हणाली, मावशी तू खोटं बोलली नाहीस, आठवण अशीच काम करते, ती रेकॉर्डिंग नसते, दरवेळी नव्याने जुळवली जाते आणि जुळवताना हाताशी जे सामान असेल ते वापरलं जातं, स्वतःचं असो की दुसऱ्याचं. तिने मला एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांचा १९७४ चा प्रयोग सांगितला. विद्यार्थ्यांना गाड्यांच्या टकरीच्या फिल्म दाखवल्या आणि स्पीड विचारला, प्रश्नात फक्त एक क्रियापद बदललं. ज्यांना 'धडकल्या तेव्हा' असं विचारलं त्यांचा अंदाज सरासरी ताशी ३४ मैल, ज्यांना 'आदळून चुराडा झाला तेव्हा' असं विचारलं त्यांचा जवळजवळ ४१. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने परत बोलावून विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. चुराडावाल्या ५० पैकी १६ जणांनी हो सांगितलं, धडकल्यावाल्या ५० पैकी ७ जणांनी. एका शब्दाने हे होतं, आणि इथे तर एक माणूस रस्त्यात उभा राहून रंगच ओरडून सांगत होता, आणि त्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, तो बिचारा पकडायला धावला होता.

पण माझी झोप उडवली ती दुसऱ्या गोष्टीने. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात १९८४ साली जेनिफर थॉम्पसन नावाच्या २२ वर्षांच्या विद्यार्थिनीवर बलात्कार झाला. ती त्या अवस्थेतसुद्धा ठरवून त्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवत होती, म्हणजे माझ्यासारखं तीन सेकंद ओझरतं नाही. आधी तिला फोटो दाखवले, तिने रोनाल्ड कॉटनचा फोटो निवडला. मग माणसं उभी केली, त्यातही तिने कॉटनलाच ओळखला, आणि फोटो आणि रांग या दोन्हींत असलेला तो एकटाच होता. तिला सांगण्यात आलं की फोटोतलाही हाच. तिची खात्री पक्की झाली. पुढे १९८७ मध्ये परत खटला चालला तेव्हा खरा गुन्हेगार, बॉबी पूल, कोर्टात तिच्यासमोर आणला होता, ती म्हणाली याला मी आयुष्यात बघितलेलं नाही. १९९५ मध्ये डीएनए तपासला तेव्हा पूल निघाला. कॉटनची दहा वर्षांहून जास्त जेलमध्ये गेली. ती खोटं बोलत नव्हती, बदला घेत नव्हती. तिच्या डोक्यातला चेहराच बदलला होता.

हे ऐकून मी फोन ठेवला आणि बाल्कनीत जाऊन बसले. माझ्या हाताखालचा तो ताठ झालेला खांदा आठवत होता. ती आठवण तरी माझी आहे, की तीही नंतरची?

भाचीने हवालदारांच्या त्या "मस्त काम केलंत"चंही सांगितलं. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड यांनी १९९८ मध्ये बघितलं की गुन्हेगार ज्यात नाहीच असे फोटो दाखवून निवड करायला लावली, आणि नंतर काही जणांना नुसतं म्हटलं की छान, बरोबर ओळखलंत, की ते लोक सांगायला लागतात की आम्हाला नीट दिसलं होतं, आमचं पूर्ण लक्ष होतं, आम्हाला सुरुवातीपासून खात्री होती. म्हणजे शाबासकी मागे जाऊन आठवणच रंगवते. म्हणून परेड घेणाऱ्यालासुद्धा आरोपी कोण हे माहीत नसावं असं तज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे पोलिसांना बाहेर ठेवतात हे फार चांगलं, पण घेणाऱ्या अधिकाऱ्याला माहीत असतं, तेही बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं. आणि साक्षीदाराला आत नेण्याआधी एक प्रश्न सक्तीचा हवा, तुम्ही याचा फोटो कुठे बघितलाय का. मला विचारलं असतं तर मी लगेच सांगितलं असतं, लपवण्यासारखं काही आहे हेच मला माहीत नव्हतं.

म्हणजे डोळ्यांनी बघितलेल्याला किंमतच नाही का, असं मी तिला चिडून विचारलं. ती म्हणाली तसं नाही. जॉन विक्स्टेड आणि हेच गॅरी वेल्स, दोघांचं म्हणणं असं की पहिल्यांदा, काहीही कानावर पडायच्या किंवा दाखवायच्या आधी, नीट पद्धतीने विचारलं आणि तेव्हा साक्षीदार खात्रीने बोलला तर त्याला चांगली किंमत आहे. वर्षांनंतर पिंजऱ्यात उभं राहून तो किती ठासून बोलतो त्यावरून मात्र काही कळत नाही. म्हणजे माझी खरी साक्ष तो पन्नास सेकंदांचा मेसेज होता, आणि त्यात मी सांगत होते की मला दिसलं नाही.

घरात वाद झाले. मिस्टर म्हणाले तू ओळखलंस, तो पकडलेलाच आहे, पोलिसांनी उगीच धरला असेल का. सासूबाई म्हणाल्या, त्या काकूंना काय तोंड दाखवशील. सरकारी वकिलांना मी फोन करून सगळं सांगितलं, फोटोचं, मेसेजचं. ते शांतपणे म्हणाले, "परेड हा नुसता आधार असतो मॅडम, खरा पुरावा म्हणजे कोर्टात तुम्ही काय सांगता तो. मी तुम्हाला हे सांगा ते सांगा म्हणणार नाही. पण ओळखत नाही म्हणालात तर मला तुम्हाला फितूर म्हणायची परवानगी मागावी लागेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका."

फितूर. शिवाजी महाराजांच्या धड्यात हा शब्द शिकवते मी.

सप्टेंबरमध्ये तारखेला गेले. शिपायाने नाव पुकारलं. पिंजऱ्यात उभं राहिलं की सगळ्यात आधी पंख्याचा आवाज येतो आणि टाईप करणाऱ्याच्या बोटांचा. शपथ झाली. घटना सांगितली, फक्त वर लिहिली तेवढी. गाडीचा रंग विचारला, मी म्हणाले मला दिसला नव्हता, जबाबात लाल सांगितला तो तिथे ओरडणाऱ्या माणसाचं ऐकून. आरोपींच्या जागेकडे बोट करून विचारलं, यातला कोणी त्या दिवशी होता का? तो उभा होता. पाच वर्षांत अंगाने भरला होता, भुवई इतक्या लांबून दिसतच नव्हती. मी म्हणाले, "परेडमध्ये मी यांना हात लावला होता. पण त्याआधी यांचा फोटो मी मोबाईलवर बघितला होता. त्या दिवशी रस्त्यावर मला चेहरा दिसला होता असं मी खात्रीने सांगू शकत नाही." मॅजिस्ट्रेट मॅडमनी वर बघितलं आणि हळू आवाजात परत बोलायला सांगितलं, मग शब्द न् शब्द टाईप करून घेतला. सरकारी वकील उठले, परवानगी मागितली, फितूर हा शब्द भर कोर्टात माझ्यासाठी उच्चारला गेला. त्यांनी विचारलं, तुमच्यावर दबाव आहे का, आरोपीच्या घरच्यांनी गाठ घेतली का, तुम्ही आरोपीला वाचवायला खोटं सांगताय का. मी प्रत्येक वेळी नाही म्हणाले आणि तिसऱ्या वेळी आवाज फुटला. आरोपीच्या वकिलांनी दोनच प्रश्न विचारले, फोटो कधी बघितला आणि ग्रुपवर किती लोक होते. मग छापलेला कागद वाचून सही केली. ही सही मात्र घेतात.

केस अजून चालू आहे. त्याने केलं की नाही मला माहीत नाही, हे लिहिताना अजून हात जड होतो.

त्या संध्याकाळी काकूंकडे गेले. दार उघडताच त्यांनी विचारलं, "सांगितलंस ना गं, तोच होता म्हणून?" मी म्हणाले, नाही सांगता आलं काकू. त्या काही बोलल्या नाहीत, आत जाऊन चहा टाकला. चहा झाल्यावर मी मोबाईल काढला आणि त्यांना तो मेसेज ऐकवला. माझ्या आवाजाच्या मागे, डॉक्टरांच्या दारातून, कुणीतरी हुंदके देत होतं, "माझं मंगळसूत्र, अगं माझं मंगळसूत्र..." काकूंनी मान वर केली. "हे कोण रडतंय?"

मी म्हणाले, तुम्ही काकू.

"मी कुठे रडले होते?" काकू म्हणाल्या. "मी तर उठून त्या गाडीच्या मागे धावले होते. सगळ्यांना तेच सांगते मी." मग हात पुढे करून म्हणाल्या, "लाव बघू परत."